हिरवं विरजण: खारपाणपट्ट्यात समुद्राचं शेवाळ

आमचं कृषी केंद्र आणि घर एकाच इमारतीत. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या अरुंद खोलीत फळीवर दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या रात्रंदिवस बुडबुडत असतात. आतलं पाणी गर्द हिरवं. गेल्या जूनमध्ये बियाणं न्यायला आलेले एक काकाजी पाणी प्यायला आत आले आणि त्या फळीसमोर थांबले.

"हे कायचं औषध होय बाप्पा? पऱ्हाटीवर मारतं का तुरीवर?"

मी म्हटलं, औषध नाही, समुद्रातलं शेवाळ आहे. मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे, तिच्यासाठी पिकवतो. ते जरा वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या विहिरीचं पाणी खारं म्हणून आमी रडून राह्यलो, अन् हा पोट्टा गोड्या पाण्यात मीठ कालवून राह्यला."

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात राहून हे ऐकून घ्यावंच लागतं. तालुक्याच्या नावात दर्या आहे, पण चारशे किलोमीटरच्या आत समुद्र कुठंच नाही. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, काकाजींना धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून असेच प्रश्न पन्नास जणांनी विचारले असतील. त्यांची उत्तरं इथे एकदाच देतो.

आधी पाण्याचा रंग

जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं होतं ते आठवत असेल. कुणी प्रकोप म्हटलं, कुणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा कळलं, की पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात मजेत जगणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव माजले. एरवी लोणार हिरवं दिसतं तेही अशाच दुसऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. म्हणजे पाण्याचा रंग पाण्याचा नसतो, त्यात राहणाऱ्यांचा असतो.

माझ्या बाटल्यांमध्ये राहतात त्यांना फायटोप्लँक्टन म्हणतात. पाण्यात तरंगणाऱ्या, प्रवाह नेईल तिकडे जाणाऱ्या एकपेशीय वनस्पती. पुढे मी नुसतं फायटो म्हणेन. मुळं नाहीत, खोड नाही, पानं नाहीत. एक पेशी म्हणजे अख्खं झाड. मी पिकवतो त्या जातीचं नाव नॅनोक्लोरॉप्सिस. तिची पेशी दोन-चार मायक्रॉनची असते, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत वीसेक पेशी ओळीनं बसतील. काम मात्र पऱ्हाटीच्या पानाचंच: ऊन, कार्बन डायऑक्साइड आणि खत घ्यायचं, साखर करायची, प्राणवायू सोडायचा. पृथ्वीवर दरवर्षी नव्यानं तयार होणाऱ्या प्राणवायूतला जवळजवळ निम्मा समुद्रातले असले बारके जीव करतात. (तो बराचसा समुद्रातच वापरलाही जातो, त्यामुळे "आपला दर दुसरा श्वास समुद्राचा" हे वाक्य ऐकायला जितकं गोड आहे तितकं काटेकोर नाही.)

मग प्रवाळ हे खातात ना?

इथे बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली होती. रीफ टाकी म्हणजे खाऱ्या पाण्याची अशी टाकी, जिच्यात माशांपेक्षा प्रवाळाचा मान मोठा. प्रवाळ दिसतो दगडासारखा किंवा फुलासारखा, पण तो प्राणी आहे. मला वाटायचं, फायटो ओतलं की प्रवाळ तोंड उघडून पिणार.

तसं नाही. टाकीत ठेवतात त्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगातच शेवाळाच्या पेशी राहतात. हा व्यवहार आपल्याकडच्या बटईसारखा आहे. प्रवाळ जमीन देतो, म्हणजे राहायला आपलं अंग. आणि स्वतःच्या शरीरातून निघणारा मळ हे खत. आतलं शेवाळ उजेडावर पीक काढतं आणि त्यातला मोठा हिस्सा मालकाला देतं. अशा मालकाच्या दारात आणखी हिरवं पाणी ओतलं तर तो त्याकडे फारसं बघत नाही. त्याला उजेड हवा, आणि वरकड म्हणून कधीमधी बारीक किडे.

अपवाद आहेत. अंगात बटईदार नसलेले काही मऊ प्रवाळ खरोखर फायटोवर जगतात. लाल समुद्रातल्या अशा प्रवाळांवरचं संशोधन १९९५ साली प्रसिद्ध झालं. पण ते दिसायला जितके देखणे तितके घरच्या टाकीत जगवायला अवघड. नवशिक्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मग मी पिकवतो कुणासाठी? पंगतीच्या शेवटी बसणाऱ्या बारक्यांसाठी. पाणी गाळून खाणारे पिसारा-किडे, स्पंज, लहान शिंपले. आणि सगळ्यात महत्त्वाचे कोपेपॉड: कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान जीव. रात्री टाकीच्या काचेवर बॅटरी मारली की पांढरे ठिपके टुणटुण पळताना दिसतात, तेच. ते फायटो खातात, मासे आणि प्रवाळ त्यांना खातात. गवत, बकरी आणि बकरीवर जगणारं घर, असा हा हिशेब आहे. बकऱ्या पाळायच्या तर आधी गवताची सोय लागते.

विरजण लावता येतं त्याला हेही येतं

घरी दही लावणाऱ्या कुणालाही यातलं नव्वद टक्के आधीच माहीत आहे. चांगलं विरजण, स्वच्छ भांडं, बेताचं ऊबदार हवामान, आणि सारखं झाकण उघडून न बघणं. विरजणाशिवाय दही नाही, तसं फायटोही आपोआप होत नाही. जिवंत सुरुवातीचं पाणी आणावं लागतं. मला ते अमरावतीच्या एका हौशी मित्राकडून मिळालं, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत, एसटीत मांडीवर धरून आणलं.

गावच्या तळ्याचं हिरवं पाणी चालणार नाही. ते गोड्या पाण्यातलं शेवाळ, समुद्राच्या मिठात मरतं. शिवाय तळ्यावरच्या हिरव्या सायीत कधी विषारी जाती असतात. गुरंसुद्धा त्यानं दगावू शकतात.

पाणी मी असं करतो. शून्याजवळ टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) असलेलं आरओचं पाणी, त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट घनता १.०२० ते १.०२५. गावात मिळणाऱ्या आरओच्या कॅनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, टीडीएस मीटर बुडवा. आमच्याकडच्या एका कॅनमध्ये ते १४० निघालं होतं. बाटली ब्लीचच्या पातळ पाण्यानं धुवायची, साध्या पाण्यानं खळखळून काढायची आणि उन्हात कडक वाळवायची. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मग एक भाग विरजण, तीन भाग नवं खारं पाणी आणि खत. झाकणाला भोक पाडून त्यातून तळापर्यंत जाणारी कडक नळी, नळीला लहान हवेचा पंप. बुडबुडे मोठे हवेत, सेकंदाला एक-दोन पुरेत. नळीच्या टोकाला बुडबुडे बारीक करणारा हवेचा दगड लावू नका, बारीक फेस होतो आणि मीठ सगळीकडे उडतं. बुडबुड्यांचं काम दोन प्रकारचं: पेशी तळाशी बसू न देणं आणि कार्बन डायऑक्साइड पुरवणं. उजेडाला साधी पांढरी एलईडी ट्यूब, बाटलीपासून वीतभर अंतरावर, टायमर लावून सोळा तास चालू, आठ तास बंद.

पहिले दोन दिवस काहीच घडत नाही. पाणी फिकट पोपटी. तिसऱ्या दिवशी जरा गडद, आणि मग एका सकाळी उठून बघावं तर बाटलीमागची भिंत दिसेनाशी झालेली. कारण सगळं सोयीचं असलं तर पेशी साधारण दिवसाला दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. दहा दिवसांत एकाच्या हजारावर. सातव्या ते दहाव्या दिवशी एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी पेशी असतात.

मत्स्यशेती करणारे तळ्यात कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो का बघतात. दिसला नाही तर पाणी दाट झालं. बाटलीत हात जात नाही, म्हणून मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या टोकाला काळा ठिपका काढलाय. पट्टी बुडवत जायची. ठिपका दोन-तीन सेंटिमीटरवरच हरवला की पीक काढणीला आलं.

घरात युरियाची थप्पी असताना वेगळं खत कशाला?

हा प्रश्न माझ्या वडिलांचा. कृषी केंद्रवाल्याच्या घरात बाहेरून खत विकत आणणं त्यांना अपमानास्पद वाटतं.

फायटोसाठी जगभर वापरतात त्या खताला एफ बाय टू म्हणतात. रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन रायथर या दोघांनी १९६२ मध्ये 'एफ' नावाचं मिश्रण मांडलं. त्याचंच निम्म्या तीव्रतेचं रूप हे. आत काय असतं ते शेतकऱ्याला लगेच कळेल: नत्र नायट्रेटच्या रूपात, स्फुरद फॉस्फेटच्या रूपात, आणि लोह, जस्त, मँगेनीज, तांबं, कोबाल्ट, मॉलिब्डेनम ही सूक्ष्म अन्नद्रव्यं, तीही चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेली राहतील अशी बांधलेली. आपण चिलेटेड झिंक फवारतो तेच तंत्र. नाहीतर खाऱ्या पाण्यात लोह गंजासारखं तळाला बसतं आणि पेशीला मिळत नाही. वर ब-१, ब-१२ आणि बायोटिन ही जीवनसत्त्वं. पालाश त्यात वेगळं लागत नाही, समुद्राच्या मिठात ते मुबलक असतं.

वडिलांचं म्हणणं सगळं चूक नव्हतं. किनाऱ्यावरच्या हॅचऱ्यांमध्ये मोठ्या हौदात अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट आणि युरियावर फायटो काढतातच. पण तिथे हौद टनाचा असतो आणि ताजं समुद्राचं पाणी दाराशी. माझी टाकी १२० लिटरची, बंद. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि भरात आलेलं फायटो कार्बन डायऑक्साइड ओढून तो आणखी चढवतं. इतक्या पीएचला अमोनियमचा बराच भाग मोकळा अमोनिया होतो, जो माशांना घातक. सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम आणि बाकी कचरा असतो तो वेगळाच. एफ बाय टूची छोटी बाटली मला कित्येक महिने पुरते. युरिया वावरातच बरा.

याच संदर्भात एक कबुली. सुरुवातीला मी खत मोजायला दुकानातलं एक झाकण-माप उचललं. धुऊन घेतलं होतं. फायटो हिरवंगार राहिलं, म्हणून मी निर्धास्त होऊन ते कोपेपॉडच्या बरणीत ओतलं. सकाळी बरणीच्या तळाशी पांढरट धूळ बसली होती. बारकाईनं पाहिल्यावर कळलं, सगळे कोपेपॉड मेले. त्या मापानं कधीतरी सायपरमेथ्रिन मोजलं होतं. बोंडअळी आणि कोपेपॉड दोघंही संधिपाद, कीटकनाशकाला दोघांतला फरक कळत नाही. शेवाळाला त्याचं काही वाटत नाही, म्हणून तर फसगत होते. आता मधल्या खोलीतलं प्रत्येक भांडं, माप आणि फडकं वेगळं आहे, आणि फवारणी करून आलेल्या माणसाला तिथे प्रवेश नाही. मलाही नाही, आंघोळ केल्याशिवाय.

आमच्या बोअरचं पाणी आयतंच खारं आहे, ते चालेल?

काकाजींचा खरा मुद्दा हाच होता. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आपला खारपाणपट्टा. इथं बोअरच्या पाण्यात वरण शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. माझ्या बोअरचं टीडीएस २,६०० भरलं. समुद्राचं असतं ३५,००० च्या आसपास. तेव्हा आपलं खारं पाणी समुद्राच्या हिशेबात जवळजवळ गोडंच आहे.

पण नुसतं मीठ वाढवूनही भागत नाही. समुद्रात सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम यांचं आपसांतलं प्रमाण जगभर जवळजवळ एकच असतं. आपल्या बोअरमधली भट्टी वेगळी, त्यात सोडियम आणि बायकार्बोनेटचा जोर. कढीही पिवळी आणि वरणही पिवळं, म्हणून कढीत डाळ टाकून वरण होत नाही. स्वयंपाकघरातल्या आयोडीनयुक्त मिठाचं उत्तरही हेच.

मे महिना आणि लाईन

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा भाग किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावाच लागत नाही.

नॅनोक्लोरॉप्सिसला २० ते २६ अंश मानवतं. तिशीच्या पुढे ती कुरकुरते, पस्तिशीच्या आसपास बाटलीच्या बाटली बसते. आमच्या मधल्या खोलीत मे महिन्यात रात्री दहालाही ३४ असतात. "एवढं ऊन आहे तर बाटल्या अंगणात का नाही ठेवत, उजेडाचं बिल वाचेल", असं सुचवणारे खूप भेटतात. उन्हात ठेवलेली बाटली तासाभरात चहाच्या वाटेला लागते. फायटोला उजेड हवा, आच नको.

एसी परवडत नाही म्हणून मी माठाचं डोकं वापरलं. जुन्या परातीत चार बोटं पाणी, त्यात बाटल्या उभ्या, बाटल्यांना मागच्या बाजूनं सुती धोतराची ओली पट्टी गुंडाळलेली, तिचं टोक पाण्यात बुडालेलं, समोरची बाजू उजेडासाठी उघडी. वर पंखा. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, माठात होतं तेच. आपली हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते, त्यामुळे बाटलीतलं पाणी खोलीपेक्षा सहा-सात अंशांनी खाली राहतं. मात्र जुलैत पाऊस लागून हवा दमट झाली की ही युक्ती कूलरसारखीच निकामी होते. तोवर खोलीच थंड झालेली असते म्हणून निभावतं.

उन्हाळ्यात बाटलीतलं पाणीही उडतं, मीठ मात्र मागे राहतं. बाटलीवर मार्करनं रेघ मारा आणि पातळी उतरली की साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही.

आता लाईन, म्हणजे वीज. लाईन गेली की पंप बंद, बुडबुडे बंद. फायटो त्यानं लगेच मरत नाही. दिवसातून तीन-चार वेळा बाटली हातानं हलवली तरी एक-दोन दिवस सहज निघतात. धोका दुसराच आहे. पंप बाटलीपेक्षा खाली ठेवला असेल तर हवा थांबताच खारं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. माझा पहिला पंप असाच जळाला. विहिरीच्या मोटारीला आपण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावतो, तसाच इवलासा इथेही मिळतो, नाहीतर पंप सरळ वरच्या फळीवर ठेवा.

बाटली मेली हे कसं ओळखायचं?

नाकानं. निरोगी फायटोला कापलेल्या गवतासारखा, थोडा ओल्या मातीसारखा वास येतो. मेलेल्याला नालीचा. रंग आधी पिवळट पडतो, मग वरचं पाणी नितळ होऊन तळाला गाळ बसतो आणि हलवला तरी गुठळ्या राहतात. असली बाटली टाकीत ओतू नका, "थोडी तर हिरवी आहे" म्हणून वाचवायला जाऊ नका. फेका.

कधी पाणी दोन-तीन दिवसांत अचानक फिकं होतं, वास मात्र बरा असतो. तेव्हा आत कुणीतरी चरायला घुसलेलं असतं. म्हणून कोपेपॉडची बरणी वेगळ्या खोलीत, आणि कामाचा क्रम ठरलेला: आधी फायटो, मग कोपेपॉड. देवघर आटोपून गोठ्यात जायचं, गोठ्यातून देवघरात नाही.

रविवारी सकाळी मी पीक काढतो. प्रत्येक बाटलीतलं पाऊण पाणी काढून फ्रिजमध्ये, उरलेलं पाव हेच पुढचं विरजण. फ्रिजमध्ये ते दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, फक्त रोज एकदा हलवायचं. फ्रीझरमध्ये नाही.

किती घालायचं, आणि त्यानं नायट्रेट वाढत नाही का?

माझ्या १२० लिटरला मी १० मिलिलिटरपासून सुरू केलं, महिनाभरात रोज ३० पर्यंत आलो. घातल्यावर तासभर स्किमर (पाण्यातला मळ फेसावाटे काढणारं यंत्र) बंद.

"खतात नायट्रेट, ते टाकीत ओतणार, मग टाकी बिघडणार" ही शंका रास्त आहे. आकडे मांडू. एफ बाय टूच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ३.४ मिलिग्रॅम फॉस्फेट असतं. त्यातलं कणभरही फायटोनं खाल्लं नाही असं धरलं, तरी ३० मिलिलिटरनं १२० लिटरच्या टाकीत नायट्रेट वाढेल लिटरमागे ०.०१४ मिलिग्रॅम. महिन्याला ०.४. माशांच्या एका जास्तीच्या चिमूटभर खाद्यापुढे हे काहीच नाही. फॉस्फेट मात्र महिन्याला ०.०२५ च्या आसपास जातं, आणि रीफ टाकीत ते ०.०३ च्या आगेमागे ठेवायची धडपड असते, तेव्हा लक्ष द्यायचं ते इकडे. हा हिशेब मात्र खत मापात घातलं तरच. "लवकर हिरवं व्हावं" म्हणून चौपट खत ओतणारे भेटतात. डीएपी जास्त टाकून जास्त पऱ्हाटी येईल म्हणणारी हीच मंडळी.

उलट, फायटो टाकीतलं नायट्रेट खाऊन टाकी साफ करतं असाही प्रचार चालतो. ओतलेलं फायटो काही तासांत कुणाच्या तरी पोटात किंवा गाळणीत जातं. तेवढ्यात ते कसली साफसफाई करणार?

हे सगळं कायद्यात बसतं का?

फायटोला काही अडचण नाही. प्रवाळाला आहे. आपल्या समुद्रातले खडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, शिवाय महाकाय शिंपले आणि समुद्रघोडे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहेत. किनाऱ्यावरून हौसेनं उचलून आणलेला मेलेला तुकडाही त्यात येतो. परदेशी कठीण प्रवाळ बाळगायचे तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचा विषय आहे. माझ्या टाकीत मशरूम आणि झोअँथिड नावाचे मऊ प्रवाळ आहेत, पावतीसकट. विकणारा कागद द्यायला कां-कूं करत असेल तर प्रवाळ कितीही सुंदर असो, हात जोडून निघा.

विकत का नाही आणत? आणि आपण प्यालं तर?

विकत आणून पाहिलं. एप्रिलात कुरिअरनं आलेली बाटली उघडली तेव्हा घरच्यांनी मला अंगणात काढलं.

प्यायचं नाही. स्पिरुलिनाची गोळी वेगळी, तिचं उत्पादन वेगळ्या देखरेखीत होतं. माझ्या बाटलीत शेवाळाबरोबर कुठले जिवाणू आहेत ते मला माहीत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "पिऊ नये, माशांचं आहे."

हीच चिठ्ठी चिकटवलेली एक जास्तीची बाटली मी शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवतो. आमच्याकडच्या चारही बाटल्या एखाद्या दुपारी बसल्या तर विरजण मागायला अमरावतीला जावं लागू नये म्हणून. सुरुवातीला काकूंनी तिला कोथिंबिरीजवळ ठेवायला साफ नकार दिला होता. आता रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक येते, "तुयं हिरवं इरजण हालवलं बरं मी आज."